मदत हवी आहे: पाकिस्तानातलं शाळेचं इतिहासाचं पुस्तक कुणाकडे आहे का?

नमस्कार मंडळी. मी जळगावला नववी-दहावीला इतिहास शिकवते. १९६५चं युद्ध शिकवताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, तिकडच्या पोरांना हे कसं शिकवतात?" प्रश्न लाखमोलाचा. तिचे पणजोबा फाळणीत सिंधमधून इथल्या सिंधी कॉलनीत आलेले, त्यामुळे तो नुसता परीक्षेपुरता नाही.

मला एवढं ठाऊक आहे की तिथे ६ सप्टेंबर संरक्षण दिन म्हणून पाळतात आणि २३ मार्च म्हणजे १९४०च्या लाहोर ठरावाचा (मुस्लिम लीगने मुस्लिमांसाठी वेगळ्या राज्यांची मागणी केली तो) दिवस. आपल्याकडे २३ मार्च म्हणजे भगतसिंग, राजगुरू, सुखदेव. १९३१ची ती फाशीही लाहोरलाच. हे दोन्ही फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिलं, तर मागच्या बाकावरची पोरंसुद्धा वहीत उतरवून घ्यायला लागली!

आता १९६५ आणि १९७१ वरचे त्यांचे मूळ धडे हवे आहेत, उर्दू किंवा इंग्रजी. पीडीएफही चालेल. जळगाव-भुसावळकडच्या उर्दू शाळेतले कुणी सर किंवा मॅडम ते वर्गात वाचून अर्थ सांगायला येतील का?

"बाईंनी पाकिस्तानचं पुस्तक आणलं" अशी ओरड होऊ शकते. मुख्याध्यापकांशी बोलले आहे. कुणी असा प्रयोग केला असेल तर पालकांना कसं समजावलं, तेही सांगा.