अमेरिकेतला आयफोन भाच्याकडून मागवावा का? आणि त्यावर मराठी दिसेल का?

कोथरूडकर (बुधवार, २७ जून २००७, सकाळी)

परवा शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता अमेरिकेत ॲपलचा आयफोन विक्रीला येतोय. न्यूयॉर्कला ६ वाजतील तेव्हा आपल्याकडे शनिवारची पहाट, साडेतीन. ४ जीबीचा ४९९ डॉलरला आणि ८ जीबीचा ५९९ ला. डॉलर ४१ रुपये धरला तर वीस हजार आणि साडेचोवीस हजार. भारतात कधी येणार, याबद्दल कंपनीने अवाक्षर काढलेलं नाही. माझा भाचा न्यू जर्सीतल्या एडिसनला असतो, सप्टेंबरात गणपतीला घरी येतोय. त्याला सांगावं असं माझ्या मनाने घेतलंय.

मागवण्याचं कारण कॅमेरा नाही, गाणीही नाहीत. ९ जानेवारीला सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्ज यांनी हा फोन दाखवला, तेव्हा त्यांचा एक मुद्दा असा होता की बाकीच्या फोनांची बटणं प्लास्टिकची असतात, एकदा साच्यातून निघाली की बदलत नाहीत. इथे काचेवर हवा तेव्हा कीबोर्ड उमटतो आणि नको तेव्हा जातो. हे ऐकलं आणि मला आपली लिपी आठवली. बारा बटणांच्या फोनवर देवनागरी लिहून बघा. एकेका बटणावर चार-पाच अक्षरं कोंबलेली, त्यात काना-मात्रा-वेलांट्या, जोडाक्षर आलं की मधे हलन्त शोधायचा. ‘श्रीकृष्ण’ लिहीपर्यंत समोरच्याला फोन करून बोलून झालेलं असतं. म्हणून आपण सगळे रोमनमध्ये ‘kay karto ahes’ असलं मराठी पाठवतो. काचेवर मात्र अख्खी बाराखडी मांडता येईल! माझ्या आताच्या फोनवर मराठी पान उघडलं की नुसते चौकोन दिसतात. वीस हजार मी त्यासाठी मोजायला तयार आहे.

तुमचं काय मत?

पर्सिपनी (बुधवार)

मी न्यू जर्सीतच राहतो, म्हणून स्पष्ट सांगतो. मागवू नका.

५९९ डॉलर ही फक्त दारात शिरण्याची किंमत आहे. हा फोन एटी अँड टी या इथल्या मोबाइल कंपनीच्या दोन वर्षांच्या करारासोबतच घ्यायचा. त्यांचे दर कालच जाहीर झाले: सगळ्यात स्वस्त योजना महिना ५९ डॉलर ९९ सेंटची, तीत ४५० मिनिटं. आणि इथे आलेल्या फोनचीही मिनिटं कापली जातात, तुमच्याकडे इनकमिंग फुकट असतं तसं नाही. २४ महिन्यांचे साधारण १,४४० डॉलर झाले. त्यात फोनचे ५९९ मिळवा. दोन हजारांच्या वर, म्हणजे ऐंशी हजार रुपयांहून जास्त, करांशिवाय. करार मधेच मोडला तर १७५ डॉलर दंड.

एवढं करून फोनला कुलूप. दुसऱ्या कंपनीचं सिम चालणार नाही, मग एअरटेल असो, आयडिया असो की हच. आणि आधी घरच्या कॉम्प्युटरवर ॲपलच्या आयट्यून्स या प्रोग्रॅममधून कराराची नोंद केल्याशिवाय तो चालूच होत नाही. भाच्याने हौसेने आणलाच, तर तुमच्या हातात साडेचोवीस हजारांची सुंदर काच असेल. पूर्ण पैसे मोजून घेतलेली वस्तू कुठे वापरायची हे दुसऱ्याने ठरवावं, ही गोष्टच मला पटत नाही.

शटर अर्धं (बुधवार, रात्री)

दादरला माझं मोबाइलचं दुकान आहे. या आठवड्यात चार जणांनी विचारलं, ‘शेठ, आयफोन येणार का?’ मनीष मार्केटला दुबईचा माल येतो तसा हाही येईल, आणि कुलूप काढून देणाराही आज ना उद्या कोणीतरी निघेल. मला काळजी वेगळीच आहे. या फोनची बॅटरी गिऱ्हाइकाला काढताच येत नाही. माझ्याकडे सर्वांत जास्त खपते ती बॅटरी. वर्ष-दीड वर्षात ती फुगते किंवा दुपारीच मान टाकते, माणूस येतो, दोन मिनिटांत नवी घालून जातो. हा फोन बंद पडला तर तुम्ही कोणाकडे जाणार? इथे कंपनीचा माणूस नाही, सुट्टे भाग नाहीत. पावसात भिजला तर पहिलं काम बॅटरी काढायची, तेसुद्धा करता येणार नाही.

भाच्याला चॉकलेटं आणायला सांगा.

सॅन होजेची मुक्ता (गुरुवार, २८ जून)

वरच्या दोघांचे मुद्दे बरोबर आहेत, तरी माझं मत कोथरूडकरांच्या बाजूने.

आयफोनच्या आत मॅकचीच, म्हणजे ॲपलच्या कॉम्प्युटरचीच, ओएस एक्स ही मूळ प्रणाली आहे असं कंपनी सांगते, आणि ब्राउझर सफारी. मी गेली तीन वर्षं घरी मॅक वापरते. त्यावर देवनागरी व्यवस्थित दिसते, मराठी पानं मी रोज त्यावरच वाचते. तोच पाया फोनमध्ये असेल तर आशा धरायला जागा आहे. शिवाय हा ब्राउझर पूर्ण पान दाखवतो, फोनसाठी कापून-छाटून केलेलं नव्हे. दोन बोटं फाकवली की अक्षर मोठं होतं. माझ्या सासऱ्यांना चष्मा लावूनही फोनवरचं बारीक अक्षर वाचता येत नाही. त्यांना ही एकच गोष्ट किती सुखाची होईल!

काही पत्रकारांना फोन आधी मिळाले होते, त्यांचे लेख आलेत. पडदा आणि ब्राउझर यांची स्तुती आहे, एटी अँड टीचं एज (फोनवरच्या इंटरनेटचं) जाळं फार धिमं ही तक्रार आहे. थ्रीजी नाही म्हणून इथे लोक नाराज आहेत. पण भारतात थ्रीजी सुरूच झालेलं नाही, तेव्हा तुमच्यासाठी ती उणीव आज तरी नाही.

सेमीकोलन (गुरुवार)

मी पुण्यात सिंबियनवर काम करतो, म्हणजे नोकियाच्या फोनांसाठी प्रोग्रॅम लिहितो. बाराखडीचा मुद्दा वाचून खरंच आनंद झाला. हे स्वप्न मीही पाहतो. पण मुक्ताताई, कोथरूडकर, तो काचेवरचा मराठी कीबोर्ड लिहिणार कोण?

माझ्या फोनवर आज देवनागरी येत नसेल तर मी रात्री जागून काहीतरी लिहू शकतो, मित्रांना देऊ शकतो. अडचणी पुष्कळ, पण दार उघडं आहे. आयफोनवर बाहेरच्या माणसाला प्रोग्रॅम घालता येत नाही. ११ जूनला जॉब्ज यांनी प्रोग्रॅमर मंडळींना सांगितलं की सफारीत चालतील अशी वेबपानं लिहा. वेबपान लिहून फोनचा कीबोर्ड बदलत नाही. म्हणजे मराठी कीबोर्ड हवा तर कूपर्टिनोतल्या ॲपलच्या मुख्यालयात कोणालातरी तो हवासा वाटला पाहिजे. पहिल्या पूर्ण वर्षात, म्हणजे २००८ मध्ये, त्यांना एक कोटी फोन विकायचे आहेत, तेही मुख्यतः अमेरिका-युरोपात. आपला नंबर रांगेत कुठे असेल?

मार्चपासून मिळणारा नोकिया एन९५ बघा. थ्रीजी आहे, जीपीएस आहे, ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, बॅटरी निघते. आयफोनचा कॅमेरा २ मेगापिक्सेलचा, त्यात व्हिडिओही नाही. काच दिसायला देखणी आहे हे मान्य. पण लिपीच्या जिवावर हा फोन घेत असाल तर आज तो चुकीचा फोन आहे.

कोथरूडकर (गुरुवार, दुपारी)

सेमीकोलन, तुमचं म्हणणं लागलं, कारण हा विचार मी केलाच नव्हता. तरी एक सांगतो. उघड्या दाराच्या फोनवर इतक्या वर्षांत मराठी नीट लिहिता आलेलं नाही. माझी आई बहात्तर वर्षांची आहे. तिला मराठी वाचता-लिहिता येतं आणि फोनवर ती एक अक्षर टंकत नाही. बटणावर ‘abc’ दिसलं की ती फोन माझ्या हातात देते. तिला ‘क’ दिसला तर ती ‘क’ दाबेल. ज्या फोनवर तो ‘क’ उमटू शकतो असा एकच फोन मला दिसतो. उद्या नाही उमटला तरी परवा उमटेल, कारण त्यासाठी नवा फोन बनवावा लागणार नाही, आतला प्रोग्रॅम बदलला की पुरे. प्लास्टिकच्या बटणाचं तसं नाही.

पर्सिपनी (गुरुवार)

उमटेल तेव्हा घ्या ना. तोवर किंमतही उतरेल. पहिल्या दिवशी रांगेत उभं राहणाऱ्याला कंपनी जास्तीचं काय देते?

साताऱ्याहून (गुरुवार, रात्री)

मी सहसा लिहीत नाही, पण काचेची एवढी स्तुती वाचून राहवलं नाही.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून पाहू शकत नाही. फोन त्याचं स्वातंत्र्य आहे. ५ च्या बटणावर जो बारीक उंचवटा असतो, त्यावर अंगठा ठेवून तो सगळे आकडे माझ्यापेक्षा जलद लावतो. नोकियाच्या काही फोनांवर पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मिळतं, तेही बाहेरच्या लोकांनी बनवलेलं. गेल्या वर्षी पैसे साठवून आम्ही ते घेतलं. आता तो संदेश स्वतः ऐकतो, आम्हाला वाचायला लावत नाही.

सपाट काचेवर त्याने काय चाचपायचं? हा फोन खपला तर बाकीच्या कंपन्याही बटणं काढतील. तुमच्या आईला ‘क’ दिसावा हे मलाही हवं आहे. पण माझ्या भावाचा ५ जाणार असेल तर त्याच्यासाठी त्या काचेने बोलायला शिकलं पाहिजे, आणि ते आधी.

सेमीकोलन (गुरुवार, रात्री)

साताऱ्याहून, तुमच्या पोस्टने मला माझा मुद्दा नीट कळला. बारा बटणांचा फोन तुमच्या भावासाठी बोलू लागला, कारण बाहेरच्या कोणीतरी त्यात हात घातला. मराठीचंही तसंच होईल, हात घालू दिला तर. म्हणून दार उघडं असावं याचा मी हट्ट धरतो.

कोथरूडकर (शुक्रवार, २९ जून, सकाळी)

रात्री भाच्याशी बोललो. ‘घेऊ नकोस’ असं सांगितलं. कुलूप आणि करार यांनी निर्णय झाला, पण साताऱ्याची पोस्ट वाचल्यावर उतावीळपणाही गेला. माझं मत बदललेलं नाही, आपल्या लिपीची वाट काचेवरूनच जाते असं मला अजून वाटतं. पण ती वाट आज चालू झालेली नाही.

मुक्ताताई, तुम्ही दुकानात जाणार असाल तर एक काम कराल का? तिथे ठेवलेल्या फोनवर एखादं मराठी पान उघडून बघा. नुसतं दिसतं का हे नको, बरोबर दिसतं का ते सांगा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते की मागे लोंबते, रफार डोक्यावर बसतो की ‘र’ सुटा पडतो, ते बघा.

सॅन होजेची मुक्ता (शुक्रवार)

जाणारच आहे. दुकान संध्याकाळी ६ ला उघडून रात्री १२ पर्यंत चालू राहणार आहे, तेव्हा रांग ओसरल्यावर ९ नंतर जाईन. फोन घेणार नाही, फक्त हाताळणार. एका साध्या वेबपानावर शब्द लिहून ठेवलेत, तिथे गेल्यावर तेवढंच पान उघडायचं: किल्ली, विठ्ठल, वर्ष, दुसऱ्या, स्त्रिया, कृष्ण, यज्ञ, उद्ध्वस्त, पुनर्मुद्रण. अजून कोणाला एखादं अवघड जोडाक्षर घालायचं असेल तर तुमच्या शनिवारी सकाळी ९ च्या आत सांगा. साताऱ्याहून, फोन बोलतो का हेही तिथल्या माणसाला विचारेन आणि तो काय म्हणतो ते जसंच्या तसं इथे लिहीन.

शटर अर्धं (शुक्रवार)

ताई, ‘ळ’ घाला. माझ्या दुकानातल्या निम्म्या फोनांवर ‘ळ’ नाही.