‘रिडंडन्सी’, ‘फेलओव्हर’ आणि ‘लिंक स्टेटस’ : मराठीत नेमके काय म्हणावे?

प्रश्न :
आमच्या कार्यालयात इंटरनेटसाठी दोन राउटर बसवले आहेत आणि एक निकामी झाला की दुसरा आपोआप काम हाती घेतो. या मांडणीची माहितीपुस्तिका मराठीत लिहिताना ‘रिडंडंट’ला कोशात ‘अनावश्यक’, ‘फाजील’, ‘अतिरिक्त’ असे प्रतिशब्द मिळाले. ‘अनावश्यक राउटर’ असे लिहिले तर लेखा विभाग त्याची खरेदीच नामंजूर करील. ‘फेलओव्हर’ला, म्हणजे या आपोआप होणाऱ्या बदलाला, तर शब्दच सापडला नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर :
कोशातला अर्थ चुकीचा नाही, पण तो भाषेतल्या पुनरुक्तीचा किंवा नोकरकपातीचा आहे. अभियांत्रिकीत हाच शब्द नेमक्या उलट हेतूने वापरला जातो, कारण तेथे दुसरे उपकरण फाजील नसून पहिल्याच्या अनुपस्थितीत तेच आवश्यक ठरते. म्हणून मी ‘राखीव’ हा शब्द सुचवीन. राखीव खेळाडू संघाचाच असतो, सामना पाहत असतो आणि बोलावणे येताच मैदानात उतरतो. व्हीआरआरपी या, एकच पत्ता अनेक राउटरांनी आळीपाळीने सांभाळण्याच्या प्रणालीत दुसरा राउटर हेच करतो. मुख्य राउटर सामान्यतः दर सेकंदाला आपण कामावर असल्याची सूचना प्रसारित करतो आणि राखीव राउटर ती ऐकत राहतो. ती सलग तीनदा चुकली की, आणखी थोडा वेळ थांबून, म्हणजे साधारण साडेतीन ते चार सेकंदांत, तो सामायिक आयपी पत्ता स्वतःकडे घेतो. कार्यालयातल्या संगणकांना गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचे दार, म्हणून हाच पत्ता दिलेला असल्यामुळे त्यांच्यावर काहीही बदलावे लागत नाही. मात्र दोन्ही राउटर एकाच वेळी भार वाहत असतील तर तेथे कोणीच राखीव नसते. त्या मांडणीला ‘जोडव्यवस्था’ म्हणावे.

‘फेलओव्हर’साठी मला ‘खांदेपालट’ हा शब्द मनापासून योग्य वाटतो. वर्तमानपत्रांनी तो मंत्रिमंडळापुरता उरवला असला, तरी शब्दातच त्याचे मूळ चित्र आहे : पालखी खाली न टेकवता एक खांदा निघतो आणि दुसरा लागतो. आपल्याला हवे आहे तेही एवढेच.

शंका :
‘खांदेपालट’ सुंदर आहे, पण त्यात माणसे ठरवून बदलल्याचा भाव आहे. येथे बदल बिघाडामुळे आणि आपोआप होतो. शिवाय मुख्य राउटरला काय म्हणावे? ‘मास्टर’ला ‘स्वामी’ किंवा ‘मालक’ म्हणणे कानाला खटकते.

उत्तर :
पहिला आक्षेप रास्त आहे. पुस्तिकेत प्रथम ‘बिघाडप्रसंगी होणारी आपोआप खांदेपालट’ असे पूर्ण लिहावे आणि पुढे नुसते ‘खांदेपालट’. ‘मास्टर’चा प्रश्न तर व्हीआरआरपीच्या मानकानेच सोडवला आहे. ही मानके ‘आरएफसी’ नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत असतात. १९९८च्या आरएफसी २३३८मध्ये आणि पुढे २०१०च्या आरएफसी ५७९८मध्येही असलेला हा शब्द २०२४च्या आरएफसी ९५६८ने काढून त्याजागी ‘ॲक्टिव्ह’ आणला. त्यामुळे ‘कार्यरत राउटर’ आणि ‘राखीव राउटर’ ही जोडी आता मानकालाही धरून आहे.

माझा खरा आग्रह मात्र तिसऱ्या शब्दाबद्दल आहे. ‘लिंक स्टेटस मॉनिटरिंग’चे भाषांतर बहुतेक जण ‘जोडणीच्या स्थितीवर देखरेख’ असे करतात आणि वाचकाचा समज होतो की इंटरनेट चालू आहे की नाही, यावर राउटर लक्ष ठेवून आहे. तसे नसते. राउटर फक्त आपल्या पोर्टात खोचलेल्या केबलच्या पलीकडच्या टोकाला जिवंत उपकरण आहे का, एवढेच पाहतो. मी पूर्वी काम करीत असलेल्या एका कार्यालयात रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली, पण तळमजल्यावरच्या मीडिया कन्व्हर्टरला (फायबर आणि साधी केबल यांना जोडणाऱ्या पेटीला) वीज मिळत होती. त्यामुळे आमच्या राउटरच्या पोर्टावरचा हिरवा दिवा तसाच लुकलुकत राहिला. राउटरच्या दृष्टीने जोडणी शाबूत होती, खांदेपालट झालीच नाही, आणि राखीव राउटरची स्वतंत्र लाइन उत्तम चालू असूनही सगळे कार्यालय हात चोळत बसले.

म्हणून ‘दुवा’ आणि ‘वाट’ हे दोन शब्द वेगळे ठेवावेत. दुवा म्हणजे समोरच्या उपकरणापर्यंतची केबल, वाट म्हणजे पार पलीकडच्या पत्त्यापर्यंतचा प्रवास. पोर्टाची पाहणी ती ‘दुव्याची पाहणी’, आणि ठरावीक अंतराने दूरच्या पत्त्याला पिंग करून, म्हणजे छोटा चाचणी-संदेश पाठवून, उत्तर येते का हे पाहणे ती ‘वाटेची पाहणी’. ‘पाळत’ हा शब्द टाळावा, कारण त्यात संशय आहे.

शंका :
पाहणीत दोष आढळला तरी कार्यरत राउटर स्वतः चालूच असतो आणि सूचनाही देत राहतो. मग पालट कशी होते?

उत्तर :
येथे ‘अग्रक्रम’ आणि ‘वजावट’ हे दोन शब्द लागतील. अग्रक्रम हा प्रत्येक राउटरला दिलेला अंक; ज्याचा मोठा, तो कार्यरत. वजावट म्हणजे दोष आढळल्यावर त्यातून कमी होणारा अंक. समजा, कार्यरत राउटरचा अग्रक्रम ११० आणि राखीव राउटरचा १०० आहे. दुवा किंवा वाट तुटताच पहिल्यातून २० वजा होऊन ९० उरतात आणि राखीव राउटर वरचढ ठरतो. वजावट ५ ठेवली तर १०५ उरतात आणि काहीच घडत नाही. १० ठेवली तर दोघे बरोबरीत येतात, म्हणजे तीही उपयोगाची नाही. पुस्तिकेत ‘वजावट ही दोन अग्रक्रमांतील फरकापेक्षा मोठी असावी’ हे वाक्य ठळक छापावे.

याखेरीज राखीव राउटरला ‘प्रीएम्प्ट’ची, म्हणजे दुसरा राउटर चालू असतानाही त्याचे काम हाती घेण्याची, मुभा असावी लागते. व्हीआरआरपीत ती आरंभापासून चालू असते, सिस्को कंपनीच्या एचएसआरपी या तशाच प्रणालीत ती मुद्दाम द्यावी लागते. या शब्दाला मी ‘ताबा घेण्याची मुभा’ म्हणेन. दुवा सुधारल्यावर पहिला राउटर याच मुभेने काम परत घेतो, तेव्हा ‘ताबा परत घेणे’ असे लिहावे आणि त्यापूर्वी थोडा विलंब ठेवण्याची सूचना जोडावी, कारण दुवा क्षणात जुळत आणि क्षणात तुटत असेल तर ताबाही तितक्याच वेळा इकडून तिकडे जात राहतो.