मदत हवी आहे: ३५ इंची टायर लावले, आता ४.५६ की ४.८८?

रानवाट:
३५ इंची टायर लावल्यापासून गाडीत जीवच राहिला नाही. सहावा गिअर नुसता नावाला आहे. चढ आला की थेट तिसऱ्यावर यावं लागतं. परवा दगडांवरून चढवताना अर्धा क्लच धरून धरून जळका वास आला. मायलेजही पडलंय. क्राऊन-पिनियन बदलायचं हे पक्कं ठरलंय, त्यामुळे "छोटे टायर लावा" हा सल्ला नको. रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे) ४.५६ घेऊ की ४.८८? शनिवारपर्यंत ऑर्डर द्यायची आहे. जाणकारांनी लवकर सांगावं.

पाना१९:
गाडी कुठली? इंजिन? आत्ताचा रेशो किती? टायर सोडून काहीच लिहिलेलं नाही.

रानवाट:
जीप रँग्लर जेके, चार दारांची, पेट्रोल. रेशो ३.२१.

पाना१९:
पेट्रोल ३.८ की ३.६? मॅन्युअल की ऑटो? रुबिकॉन (जास्त दणकट, ऑफ-रोडसाठीचं मॉडेल) आहे का साधी?

रानवाट:
अहो, सहावा गिअर लिहिलंय ना वर, म्हणजे मॅन्युअलच. ३.६, २०१२ची. रुबिकॉन नाही. मूळ टायर ३२ इंची होते. आता तरी उत्तर द्या.

डिझेलगडी:
४.१०च्या पुढे जाऊ नका. माझ्याही गाडीला ३५ इंची आणि ४.१०च आहे, कुठलाही चढ हसत चढते. ४.८८ लावलेल्या मित्राच्या गाडीत बसलोय, हायवेवर इंजिन सारखं ओरडत असतं.

गिरकी:
@डिझेलगडी, तुमचं इंजिन कुठलं?

डिझेलगडी:
२.८ डिझेल. पण टायर तो टायरच की.

गिरकी:
टायर तोच, पण इंजिनाला जोर कुठे येतो ते वेगळं. तुमच्या डिझेलला दोन हजारांच्या आसपासच सगळी ताकद मिळते. ३.६ पेट्रोलचा कमाल टॉर्क ४८०० आरपीएमला आहे. त्याला १६००-१७०० वर ठेवून चढ ओढायला लावलं तर ते दम टाकणारच. तुमचा ४.१० तुमच्या गाडीला योग्य आहे, त्यांच्या नाही.

उंचमाझा:
लिफ्ट किती केलीत, म्हणजे गाडी किती उंच केलीत? नुसते स्पेसर टाकले असतील तर काढा आणि पूर्ण स्प्रिंग-शॉकअप घ्या. लिफ्ट केल्यावर पुढचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टिअरिंग सरळ राहत नाही. कंट्रोल आर्म बदलून कॅस्टर परत आणा. मी हे केल्यावर गाडी एकदम स्थिर झाली.

रानवाट:
स्टिअरिंग ठीक आहे हो. प्रश्न गिअरचा आहे.

मीटरवाचक:
एक तपासा. सहाव्यात, स्पीडोमीटरवर बरोबर १०० असताना टॅको (इंजिनाचे आरपीएम दाखवणारं मीटर) किती दाखवतो? टायर बदलल्यावर कॉम्प्युटरमध्ये नवा आकार भरला होता का?

रानवाट:
नाही भरला. टॅको २००० च्या थोडा वर असतो. त्याने काय होणार?

मीटरवाचक:
त्याने असं होणार की तुमचा रेशो ३.२१ नाहीच.

हिशोब साधा आहे: आरपीएम = वेग (किमी/तास) × ॲक्सल रेशो × गिअर रेशो × २०९ ÷ टायरचा व्यास (इंच). तुमच्या गिअरबॉक्सचा सहावा ०.८४. कॉम्प्युटर अजून ३२ इंच धरूनच वेग दाखवतोय, म्हणून इथे ३२ घ्यायचे. ३.२१ असता तर टॅकोवर साधारण १७६० दिसले असते. ३.७३ने २०४६ येतात. तुमची गाडी ३.७३ची आहे.

दुसरं, मीटरवर १०० म्हणजे तुम्ही खरं तर १०९ने पळताय. किलोमीटरही तेवढेच कमी मोजले जातायत, म्हणजे पडलेल्या मायलेजचा काही भाग नुसता मोजमापाचा आहे.

रानवाट:
३.२१ असं गाडी विकणाऱ्याने सांगितलं होतं. सेकंडहँड घेतली.

पाना१९:
ऐकीव आकड्यावर क्राऊन-पिनियन मागवू नका. गिअर न्यूट्रलला, पुढच्या चाकांना उटी लावा, मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घ्या. दोन्ही चाकं बरोबरीने एक पूर्ण फेरा फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो ते मोजा. पावणेचारच्या जरा अलीकडे थांबला तर ३.७३, सव्वातीनच्या जरा अलीकडे तर ३.२१. एकच चाक उचललं तर त्या चाकाचे दोन फेरे घ्यायचे, नाहीतर आकडा निम्मा येईल.

याने पैशांचाही फरक पडतो. पुढच्या डॅना ३० धुऱ्याला ३.७३चं कॅरिअर (क्राऊन ज्याच्यावर बसतो तो आतला भाग) असेल तर त्याच्यावर ४.५६, ४.८८ दोन्ही बसतात. ३.२१चं असेल तर ते बदलावं लागतं. मागच्या डॅना ४४ धुऱ्याचं मात्र दोन्ही वेळा बदलावंच लागेल.

डिझेलगडी:
म्हणजे माझंच बरोबर! ३.७३ गुणिले ३५ भागिले ३२ = ४.०८. ४.१० घ्या, गाडी कंपनीतून आली तशी होईल.

गिरकी:
सूत्र फक्त व्यास भरून काढतं. मोठा टायर नुसता उंच नसतो, जडही असतो, आणि ते वजन फिरवायचं असतं. त्यात गाडीवर आणखी काय काय चढवलंय ते कुठे विचारलंय? @रानवाट, बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढायची चरखी), छतावरचं कॅरियर?

रानवाट:
स्टीलचे बंपर पुढे-मागे, विंच, छतावर रॅक. पाचवा टायरही ३५चाच. हे सांगायचं राहिलं.

गिरकी:
हेच तर सगळ्यात महत्त्वाचं होतं! मग ४.१० विसरा.

मीटरवाचक:
३५चा टायर वजनाखाली साधारण साडेचौतीस भरतो असं धरलं. खऱ्या १०० वेगाला, सहाव्यात:
४.१० – २०८६
४.५६ – २३२०
४.८८ – २४८३
५.१३ – २६१०

४.५६ आणि ४.८८मध्ये साधारण एकशेसाठचा फरक. कानाला जेमतेम जाणवेल. खाली मात्र उपयोग होतो. पहिला गिअर ४.४६, लो रेंज (फोर बाय फोरचा सावकाश, जोराचा गिअर) २.७२, म्हणजे ३.७३वर क्रॉल रेशो (तिन्हींचा गुणाकार; जितका जास्त, तितकी गाडी सावकाश आणि जोराने चढते) ४५ आहे. ४.८८वर ५९ होतो. अर्धा क्लच धरायची सवय तिथेच सुटेल. तुलनेला, मॅन्युअल रुबिकॉनचा कंपनीतूनच ७३ असतो, कारण तिची लो रेंज चारास एक आहे.

पाना१९:
मी ४.५६च सुचवेन. ४.८८च्या पिनियनला ८ दात, ४.५६ला ९. पिनियनचं डोकं लहान होत जातं, म्हणजे नाजूक होतं, आणि तुमचा पुढचा धुरा डॅना ३० मुळातच हलका आहे.

गिरकी:
लॉकर (धुऱ्याची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) लावून, चाक अडकलेलं असताना ॲक्सिलरेटर दाबला तर तुटेल. सावकाश चालवणाऱ्याचं ४.८८ तुटत नाही, माझं चार वर्षं चाललंय.

रानवाट:
एक विचारायचं राहिलं. खर्च जास्त आहे. आत्ता फक्त मागचं बदललं आणि पुढचं सहा महिन्यांनी केलं तर?

पाना१९:
नको! फोर बाय फोर लावल्याबरोबर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतील. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स), शाफ्ट, टायर यांतलं काहीतरी सुटेल. दोन्ही होईपर्यंत टू व्हीलवरच राहणार असाल तर ठीक, पण मग जंगलात कशाला जाणार?

गिरकी:
याच्याशी पूर्ण सहमत. थांबा, पैसे जमवा, दोन्ही एकदम करा. आणि करणारा माणूस नीट निवडा. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजतो का, साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर ठेवतो का, दातांना रंग लावून पॅटर्न (दात कुठे टेकतात तो ठसा) दाखवतो का, ते विचारा. माझं पहिल्यांदा ज्याने बसवलं त्याने जुनेच बेअरिंग घातले होते. ७० किमी वेगाला रडल्यासारखा आवाज यायचा. सगळं परत खोलावं लागलं.

उंचमाझा:
अवांतर: ३७ लावायचा विचार असेल तर आत्ताच ५.१३ घ्या.

रानवाट:
३७ नाही. पुढचा धुरा डॅना ३०चा असताना नाही.

पाना१९:
बसवल्यावर पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं हलकं चालवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा करा. पहिले ८०० किमी ओढाओढ नाही, मग दोन्हीकडचं तेल बदला. नव्या दातांची बारीक धातूची पूड त्यात येते. कॉम्प्युटरमध्ये टायर आणि रेशो दोन्ही भरा.

रानवाट:
आज शाफ्टचे फेरे मोजले. पावणेचारच्या किंचित अलीकडे. ३.७३च. @मीटरवाचक, तुमच्यामुळे पुढचं कॅरिअर वाचलं, मी ३.२१ धरून दोन्ही मागवणार होतो. ४.८८ घेतोय, पुढे आणि मागे एकदम. शनिवारची ऑर्डर पुढच्या महिन्यावर ढकलली.

डिझेलगडी:
बसवल्यावर सहाव्यातला टॅको इथे टाका. मला अजून ४.१०च बरा वाटतोय.