मावशीचे घर रिकामे करताना: रद्दीवाला ज्यांना हात लावत नाही, त्या वस्तूंचे काय करावे?

वाड्यातला भाचा

नमस्कार. पुण्यात कसबा पेठेतील माझ्या मावशीचे दोन खोल्यांचे घर या महिनाअखेरीस मालकांच्या ताब्यात द्यायचे आहे. मावशी दिवाळीनंतर गेली. तिने पन्नास वर्षांत काहीही टाकून दिले नाही, त्यामुळे माळ्यावर आणि पलंगाखाली काय नाही हे विचारणेच सोपे. वर्तमानपत्रे, लोखंडी कपाट आणि रिकाम्या बाटल्या रद्दीवाल्याने नेल्या. उरलेल्या वस्तू अशा: पितळेची व तांब्याची भांडी, कापसाच्या तीन गाद्या, ट्रंकभर साड्या, बंद पडलेल्या इन्व्हर्टरची बॅटरी, जुन्या वायरींचे भेंडोळे, सहा ट्यूबलाइट, पाऱ्याचे दोन थर्मामीटर, काकांचे एक्स-रे, पिशवीभर औषधे, इन्सुलिनच्या सुया आणि गणपतीचे थर्मोकोलचे मखर. पैसे किती येतील याची मला फारशी चिंता नाही, परंतु घरातून निघालेल्या वस्तूने दुसऱ्या कोणाला इजा होऊ नये आणि जे वापरात राहू शकते ते केवळ माझ्या घाईमुळे कचऱ्यात जाऊ नये, एवढे वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तराजू

आमचे भंगाराचे दुकान वडिलांपासूनचे आहे, म्हणून थोडे सांगतो. आमच्या धंद्यात वस्तूपेक्षा तिच्या निर्भेळपणाला भाव असतो. एकाच पोत्यात तांबे, पितळ आणि लोखंड कोंबून आणले तर ते वेगळे करण्याची मजुरी आम्ही तुमच्या दरातूनच कापतो आणि बऱ्याचदा सगळ्या पोत्याला स्वस्तातल्या धातूचा भाव लावतो. घरी बसून लोहचुंबक फिरवा, चिकटेल ते लोखंड बाजूला काढा, पितळेच्या भांड्यांचे लाकडी मुठीचे स्क्रू सोडवा, आणि लालसर तांबे व पिवळे पितळ यांचे दोन ढीग करा. एवढे केलेत तर दुकानदाराला फार बोलायला जागा राहत नाही.

वायरींबद्दल एक विनंती आहे. आतील तांबे काढण्यासाठी त्या कोणालाही जाळू देऊ नका, कारण वरचे पीव्हीसी प्लास्टिक जळताना डायऑक्सिनसारखी अत्यंत विषारी द्रव्ये निर्माण होतात आणि तो धूर जाळणाऱ्या पोरांच्याच छातीत जातो. सोलून दिलेल्या तांब्याला तसाही जास्त भाव मिळतो.

इन्व्हर्टरची बॅटरी आमच्यासारख्या दुकानात देऊ नका, हे मी स्वतः दुकानदार असून सांगतो. तिच्यात शिसे आणि सल्फ्युरिक आम्ल असते. काही ठिकाणी ते आम्ल सरळ गटारात ओततात आणि शिसे उघड्या भट्टीत वितळवतात. नवी बॅटरी विकणारा विक्रेता जुनी परत घेतो, तिच्या वजनाप्रमाणे नव्या बॅटरीच्या किमतीत सूट देतो, आणि नवी घ्यायची नसली तरी बहुतेक जण वजनाने पैसे देतात. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नेताना ती उभीच ठेवा, आडवी करू नका.

एक्स-रे रद्दीत घालू नका. जुन्या फिल्मवर चांदीचा अंश असतो, त्यामुळे तिचे वेगळे खरेदीदार असतात. मात्र कोपऱ्यातील नाव व रुग्णालयाची नोंद कापून मगच द्या.

प्रयोगवही

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. आपल्या यादीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती थर्मामीटरची, कारण लोक ट्यूबलाइट फुटली की घाबरतात आणि थर्मामीटर फुटला की पाऱ्याचे मणी हातात घेऊन मुलांना खेळायला देतात. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ट्यूबलाइटमध्ये पारा काही मिलिग्रॅम असतो, तर अंगातला ताप पाहण्याच्या काचेच्या थर्मामीटरमध्ये तो साधारण अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे शेकडो पट असतो. पारा खोलीच्या तापमानालाही हळूहळू वाफ होऊन हवेत मिसळतो, आणि गिळण्यापेक्षा ती वाफ श्वासावाटे आत जाणे अधिक घातक असते.

दोन्ही थर्मामीटर शाबूत असतील तर त्यांच्याच नळकांड्यात ठेवून, वर कापूस भरून, झाकणाच्या बाटलीत बंद करा. चुकून फुटलाच तर प्रथम हातातील सोन्याच्या अंगठ्या आणि पाटल्या काढून ठेवा, कारण पारा सोन्याला लागताच त्याच्याशी एकजीव होतो आणि दागिना पांढरा पडून ठिसूळ होतो. पंखा बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर मुळीच वापरू नये, केरसुणीने थेंबांचे आणखी बारीक थेंब होतात आणि व्हॅक्यूमच्या गरम हवेने त्याची वाफ घरभर पसरते. पोस्टकार्डासारख्या दोन जाड कागदांनी थेंब एकत्र ढकलावेत, उरलेले बारीक कण चिकटपट्टीने उचलावेत, आणि सर्व काही थोडे पाणी घातलेल्या काचेच्या बरणीत घट्ट बंद करावे. बेसिनमध्ये ओतू नये, तो तेथील वाकड्या नळीत वर्षानुवर्षे बसून राहतो.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांमध्ये ट्यूबलाइट, सीएफएल, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधे आणि सुया या सर्वांना ‘घरगुती घातक कचरा’ म्हटले होते. तो ओल्या आणि सुक्या कचऱ्यापासून वेगळा द्यायचा असतो. पुण्यात दारावर येणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंना आधी विचारा आणि पिशवीवर आत काय आहे ते मराठीत ठळक लिहा. ट्यूबलाइट मूळ खोक्यात किंवा वर्तमानपत्राच्या जाड गुंडाळीत द्या.

सुईदोरा

तराजू यांचा सल्ला मोलाचा आहे, परंतु पितळेची सगळी भांडी मोडीत घालण्याआधी आपण जरा थांबावे, असे मला वाटते. पातेले फुटलेले नसेल आणि केवळ आतून कल्हई गेली असेल तर ती पुन्हा करता येते. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकतो, कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसतो, आणि पाहता पाहता भांडे आतून चांदीसारखे होते. आपण कसबा पेठेतच आहात, तेव्हा तांबट आळी हाकेच्या अंतरावर आहे. तेथे विचारून ठोकलेली, जाड पत्र्याची भांडी वेगळी काढा. तशी भांडी आता करून घ्यायची म्हटली तर मोडीच्या भावाच्या कितीतरी पट खर्च येईल.

साड्यांचे मी तीन भाग करीन. सुती, मऊ पडलेल्या साड्या गोधडीसाठी ठेवाव्यात, गोधडी शिवून देणाऱ्या बायका आजही सापडतात आणि मावशीच्या साड्यांची गोधडी आपल्या घरातच राहील. नायलॉन व पॉलिस्टरच्या साड्या धडधाकट असतील तर बोहारणीला द्या, ती बदल्यात स्टीलचे पातेले देईल, घासाघीस मात्र आपल्याला जमली पाहिजे. जरीच्या साड्यांबाबत सावध राहावे. जुन्या पैठणीची जर पूर्वी चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा देऊन करीत, त्यामुळे ‘जुनी जर घेतो’ म्हणत दारावर येणाऱ्याच्या हाती साडी देण्यापूर्वी सराफाकडून काठाचा एक दोरा तपासून घ्यावा.

कापसाच्या गाद्या पिंजाऱ्याकडे न्या. जुना कापूस पिंजून पुन्हा भरता येतो आणि तीन गाद्यांतून दोन चांगल्या गाद्या सहज निघतात. फोमच्या गादीला हे भाग्य नाही.

औषधपेटी

औषधांबद्दल थोडक्यात. न उघडलेली, मुदतीतील आणि थंड जागी ठेवलेली औषधे एखादा धर्मादाय दवाखाना घेतो का, ते विचारून पाहा. मुदत संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने आडव्या कापा, म्हणजे कोणी पुन्हा विकू शकणार नाही. प्रतिजैविके शौचालयात टाकू नका, सांडपाण्यातील जिवाणूंना त्यांची सवय होते. इन्सुलिनच्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून, झाकण चिकटपट्टीने पक्के करून, वर ‘सुया’ असे लिहून द्याव्यात. कचरा हाताने निवडणाऱ्या व्यक्तीला सुई टोचली तर तिला महिनोन्‌महिने तपासण्या कराव्या लागतात.

वाड्यातला भाचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल तांबट आळीत जाऊन आलो. एक घंगाळ आणि दोन पातेली ठेवण्यासारखी निघाली, बाकीची उद्या तराजू यांनी सांगितल्याप्रमाणे वेगळी करून विकतो. बॅटरी विक्रेत्याने घेतली. साड्या बहिणीने ताब्यात घेतल्या आहेत, त्यावर मी बोलत नाही. थर्मोकोलच्या मखराबद्दल मात्र कोणीच लिहिले नाही.

तराजू

लिहिले नाही, कारण सांगण्यासारखे काही नाही. थर्मोकोलमध्ये जवळजवळ सगळी हवाच असते, टेम्पोभर नेला तरी वजन भरत नाही, म्हणून तो कोणीच विकत घेत नाही. महाराष्ट्रात 2018 पासून थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आहे, तेव्हा मखर पुढच्या गणपतीला कोणाला देऊही नका. जाळू तर मुळीच नका. स्वच्छ तुकडे त्या घंगाळाभोवती भरून खोके बांधा, रंग लावलेले तुकडे सुक्या कचऱ्यात वेगळ्या पिशवीत द्या.

वाड्यातला भाचा

घंगाळाचे खोके आजच बांधतो.