स्टार वॉर्समधला डार्थ वेडर खरंच किती ताकदवान आहे? काय बघू, काय वाचू, सांगा

लालपातं:
मी फक्त जुने तीन पिक्चर बघितलेत, 1977, 1980 आणि 1983 चे. माझा मित्र ठामपणे म्हणतो की एम्परर, म्हणजे वेडरचा मालक, सोडला तर वेडरसमोर कोणी टिकूच शकत नाही. मला पटत नाहीये. पहिल्या पिक्चरमध्ये तो आणि त्याचा जुना गुरू ओबी-वान किती संथ लढतात, आणि 1983 मध्ये तर त्याचा मुलगा ल्यूक चिडला की त्याला सरळ खाली पाडतो आणि हात उडवतो. मग एवढा दरारा कशाचा? सगळंच बघायला वेळ नाही, त्यामुळे नेमकं काय बघितलं की ठरवता येईल ते सांगा, कॉमिक्सही चालतील. आणि हे कॅनन-लेजंड्स काय प्रकरण आहे?

मुस्तफारी:
भावा, 1977 ची लढाई मापाला धरूच नकोस. ओबी-वान झालेले ॲलेक गिनेस तेव्हा साठीच्या पुढे होते, आणि लाईटसेबरची (प्रकाशाच्या तलवारीची) लढाई पडद्यावर कशी दिसावी हेच तेव्हा ठरत होतं. 1980 पासून वेडरच्या सूटमध्ये तलवारबाजीसाठी बॉब अँडरसन होते, ते ऑलिम्पिक खेळलेले तलवारबाज, त्यामुळे फरक लगेच कळतो. 1980 च्या पिक्चरमधली क्लाउड सिटीची लढाई परत लाव आणि या वेळी फक्त वेडरच्या हाताकडे बघ. सुरुवातीला तो एका हाताने लढतोय, जीव तोडून अजिबात नाही, कारण त्याला ल्यूक जिवंत हवाय, आणि मग जागचं न हलता भिंतीवरची यंत्रं उपटून त्याच्या अंगावर फेकतो. त्यानंतर 2016 च्या रोग वनचा शेवट बघ, अंधारातला तो कॉरिडॉर. मित्राचं म्हणणं का आहे ते तिथेच कळेल.

शेवटचा_जेडाय:
कॉरिडॉरचा सीन जबरदस्त आहे, मान्य, पण त्याने सिद्ध काय होतं? समोर बंदुका घेतलेले साधे सैनिक, त्यातल्या एकाकडेही फोर्स, म्हणजे ती अदृश्य शक्ती, नाही. कुठलाही तयारीचा सिथ (फोर्स वाईटासाठी वापरणारा) तिथे हेच करेल. वेडरची ताकद मोजायची तर रिबेल्स ही ॲनिमेशन मालिका बघा. सीझन 2 च्या सुरुवातीला केनन आणि एझरा हे जेडाय (फोर्स चांगल्यासाठी वापरणारे योद्धे) गुरू-शिष्य त्याच्या अंगावर अख्खे वॉकर (पायांवर चालणारे रणगाडे) कोसळवतात आणि तो त्या ढिगाऱ्याखालून ते फोर्सने उचलत बाहेर येतो, त्या दोघांच्या चेहऱ्यावर जी भीती दिसते ना तिच्यात सगळं आलं.

तराजू:
मग 2022 च्या ओबी-वान मालिकेचं काय करायचं? पाचव्या भागात उडणारं जहाज हात वर करून खाली खेचतो, पत्रा फाडतो, आणि आत कोणीच नाही, खरं जहाज मागून निघून जातं! आणि सहाव्या भागात तोच वेडर ओबी-वानकडून मार खातो, दगडांचा वर्षाव होतो, मुखवटा फुटतो. एका भागात डोंगर हलवणारा आणि पुढच्या भागात हरणारा माणूस ‘कोणी टिकू शकत नाही’ मध्ये कसा बसतो? स्वतः जॉर्ज लुकसने 2005 च्या एका मुलाखतीत सांगितलंय की हातपाय शाबूत असते तर अनाकिन, म्हणजे वेडर होण्याआधीचा तो, एम्पररच्या दुप्पट झाला असता, पण जिवंत ठेवणाऱ्या त्या काळ्या सूटमध्ये आल्यावर तो एम्पररपेक्षा साधारण 20 टक्के कमीच पडतो. बनवणाऱ्यानेच मर्यादा सांगून ठेवलीये.

निळाक्रिस्टल:
तराजू, तुझे मुद्दे खरे आहेत पण तू फक्त आकडा बघतोयस, समोर कोण आहे ते बघत नाहीयेस. वेडर ज्या लढायांमध्ये ढिला पडतो त्या एका रांगेत ठेव. रिबेल्समध्ये मॅलाकोर ग्रहावर अहसोका त्याचा मुखवटा चिरते, ओबी-वानही मुखवटा फोडतो, ल्यूक हात तोडतो. एक त्याची शिष्या, एक त्याचा गुरू, एक त्याचा मुलगा. तिघेही त्याच्या आतल्या अनाकिनला ओळखणारे किंवा हाक मारणारे. मुखवट्याच्या फटीतून जुना डोळा आणि जुना आवाज बाहेर येतो, दोन्ही वेळा. मला वाटतं त्याची ताकद तिथेच अडकलेली आहे, सूटमध्ये कमी आणि मनात जास्त. परक्या माणसासमोर हा अडथळा नसतो, म्हणून तिथे तो थांबत नाही.

लालपातं, तुला एकच गोष्ट वाचायची असेल तर चार्ल्स सोलचं 2017 चं कॉमिक घे, 25 अंकांचं आहे. सूट घातल्याबरोबर पुढे काय झालं तिथून ते सुरू होतं.

तराजू:
पण ताई, त्याच कॉमिकमध्ये किराक इन्फिला नावाचा जेडाय त्याला पहिल्या झटक्यात लोळवतो. तो ना शिष्य ना गुरू, पूर्ण परका. मग तुमचा नियम?

निळाक्रिस्टल:
हो, आणि म्हणूनच ते कॉमिक सुचवतेय. तेव्हा सूट नवा आहे, शरीर सवयीचं नाही आणि हातात स्वतःचं लाईटसेबरसुद्धा नाही. तो कोसळतो, मोडतो, आणि मग मोडक्या ड्रॉइडचे भाग स्वतःला जोडून परत उभा राहतो. नंतर तो किराकला ताकदीने हरवत नाही, धरण फोडतो. पाणी शहराकडे निघतं, जेडाय लोकांना वाचवायला वळतो, आणि तिथेच खेळ संपतो. मला तर हा सीन जहाज खेचण्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटतो. चांगला माणूस कुठे वळणार हे त्याला पक्कं माहीत आहे, कारण तो स्वतः तिथून आलाय. ही ताकद लुकसच्या 20 टक्क्यांमध्ये कशी मोजणार?

शेवटचा_जेडाय:
हे बरोबर आहे. फक्त एक धर, क्षमतेच्या बाबतीत अनाकिन सगळ्यांच्या वर होताच. 1999 च्या पिक्चरमध्ये त्याच्या मिडिक्लोरियनचा (फोर्सची क्षमता दाखवणाऱ्या शरीरातल्या सूक्ष्मजीवांचा) आकडा 20,000 च्या वर येतो, जेडाय गुरू योडापेक्षाही जास्त. त्यामुळे मित्र पूर्ण हवेत बोलत नाहीये.

मुस्तफारी:
कॅननचं, म्हणजे अधिकृत धरल्या जाणाऱ्या कथेचं, राहिलंच. एप्रिल 2014 मध्ये लुकसफिल्मने आधीच्या कादंबऱ्या, कॉमिक्स आणि गेम्सचा मोठा भाग लेजंड्स म्हणून बाजूला काढला. म्हणून मित्राने 2008 च्या फोर्स अनलीश्ड गेममधलं काही काढलं तर आधी विचार की कुठलं धरायचं, कारण त्या गेममध्ये वेडरचा चेलाच आकाशातून स्टार डिस्ट्रॉयर हे प्रचंड युद्धजहाज खाली ओढतो आणि नंतर वेडरलाही हरवतो. दोन्ही हिशोब एकत्र केले की वाद कधीच संपत नाही.

लालपातं:
भारी. म्हणजे क्लाउड सिटी परत, रोग वन, मग रिबेल्सचे दोन भाग, मग सोलचं कॉमिक. मॅलाकोरचा भाग सरळ बघितला तर चालेल का? अहसोका कोण हेच मला माहीत नाही.

निळाक्रिस्टल:
नको, तसा नको बघू, अर्धा जोर निघून जाईल. आधी क्लोन वॉर्स या ॲनिमेशन मालिकेच्या सीझन 5 चे शेवटचे चार भाग बघ, अहसोका जेडाय पंथ का सोडते आणि अनाकिन तिला कसा थांबवायचा प्रयत्न करतो ते कळतं. मग मॅलाकोर. आणि ओबी-वान मालिकेचे पाचवा-सहावा भाग त्याच्या नंतर ठेव.