मदत हवी आहे : घरच्या सर्व्हरला जोडलेली डिस्क मध्येच नाहीशी होते

वाळवंटीकाठ
नमस्कार. गोव्यातील साखळी गावी आमच्या घरी लिनक्सवर चालणारा एक छोटा सर्व्हर गेली दोन वर्षे विनातक्रार सुरू होता. परंतु गेल्या तीन आठवड्यांपासून त्याची डिस्क दिवसातून दोन-तीनदा आपोआप नाहीशी होते. फाइल उघडायला गेल्यास 'इनपुट-आउटपुट एरर' येते आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर काही तास सर्व सुरळीत चालते. काल रात्री तर डिस्क 'रीड-ओन्ली' (फक्त वाचता येणारी) झाली. केबल बदलली, सिस्टीम अद्ययावत केली, उपयोग झाला नाही.

माझ्या वडिलांनी १९९० च्या दशकात गावच्या जत्रेतील नाटके व्हीएचएसवर चित्रित केली होती, त्यांच्या डिजिटल प्रती या डिस्कवर आहेत. त्यांत रंगमंचावर दिसणारी कितीतरी माणसे आज हयात नाहीत, आणि मूळ कॅसेटींना बुरशी लागल्यामुळे त्या पुन्हा चालवता येणार नाहीत. चवथीला सगळे घरी जमण्यापूर्वी हे मार्गी लागले पाहिजे. मला आजच नवी डिस्क मागवायची आहे. कोणती घ्यावी, एवढेच कृपया सांगावे.

आबोली
नवी डिस्क मागवण्याची घाई करू नका. सर्व्हर म्हणजे नेमके कोणते यंत्र, डिस्क त्याला कशाने जोडली आहे आणि तिला वीज कुठून मिळते, हे तुम्ही लिहिलेलेच नाही. डीमेसेजच्या (सिस्टीमच्या अंतर्गत संदेशांच्या) ओळीही द्या. दुसरी प्रत नसेल तर तोपर्यंत डिस्कवर नवीन काही लिहू नका आणि एफएसचेक (डिस्कवरील फाइलव्यवस्था तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) मुळीच चालवू नका. दुरुस्तीच्या नादात फाइली गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

वाळवंटीकाठ
रास्पबेरी पाय ४ (एकाच लहान बोर्डावरचा संगणक) आहे, डिस्क अडीच इंची असून यूएसबीने जोडलेली आहे. यात सांगण्यासारखे काही असेल असे वाटले नव्हते. डीमेसेजमध्ये 'यूएएस'ने सुरू होणाऱ्या बऱ्याच ओळी, नंतर 'यूएसबी डिस्कनेक्ट' आणि शेवटी 'रीमाउंटिंग फाइलसिस्टीम रीड-ओन्ली' असे दिसते. वर कुठेतरी 'अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड' असेही आहे, पण ते पूर्वीही अधूनमधून दिसायचे, म्हणून त्याकडे लक्ष दिले नाही.

मांद्रेकर
हा पावसाळ्याचा परिणाम आहे. आमच्याकडे समुद्र जवळ असल्यामुळे यूएसबीच्या पिनांवर हिरवट थर चढतो. दरवर्षी जूनमध्ये मी सगळे जोड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो आणि डबा सिलिका जेलच्या पुड्यांसह कपाटात ठेवतो. आधी ते करा.

डिचोलीचा तिठा
साखळी समुद्रापासून बरीच आत आहे, शिवाय पिना खराब असत्या तर केबल हलवल्यावर डिस्क गेली असती. यूएएसच्या (यूएसबी डिस्कशी वेगाने देवाणघेवाण करण्याच्या पद्धतीच्या) ओळी पाहता डिस्कच्या डब्यातील यूएसबी-साटा चिप, म्हणजे डिस्क यूएसबीला जोडणारी चिप, हेच मूळ आहे. सीएमडीलाइन या, मशीन सुरू होतानाच्या सूचनांच्या फाइलमध्ये त्या चिपचा क्रमांक घालून यूएएस बंद करा, वेग थोडा कमी होईल पण डिस्क टिकेल. माझ्याकडे याच उपायाने एक डबा तीन वर्षे चालला आहे.

सुरंगी
मी तर म्हणेन की रास्पबेरी पाय सोडून द्या आणि एखादा जुना ऑफिस डेस्कटॉप घेऊन त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) व झेडएफएस (फाइली साठवण्याची एक व्यवस्था) बसवा. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवते.

आबोली
सुरंगीताई, चेकसममुळे फाइल बिघडल्याचे कळेल, पण निरोगी दुसरी प्रत नसेल तर ती भरून कशी येणार? डिचोलीचा तिठा यांचा उपाय काही चिपांसाठी योग्य आहे, हे मलाही मान्य आहे; परंतु हीच चिप दोन वर्षे बिनबोभाट चालली असेल, तर तीन आठवड्यांपूर्वी काय बदलले हे आधी शोधायला हवे. वाळवंटीकाठ, तेव्हा तुम्ही नवीन काही जोडले होते का? कोणता ॲडॉप्टर वापरता? आणि 'व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड' ही वीजपुरवठ्याची स्थिती सांगणारी आज्ञा देऊन काय उत्तर येते ते कळवा.

वाळवंटीकाठ
दुसरी प्रत असावी म्हणून तीन आठवड्यांपूर्वी तशीच आणखी एक डिस्क शेजारच्या पोर्टला जोडली आणि रात्री आर-सिंक (फाइलींची प्रत करणारा प्रोग्राम) लावले. ते दर वेळी अर्ध्यावर थांबते, त्यामुळे प्रत अपुरीच आहे. ॲडॉप्टर मोबाइलचा आहे, पण ३३ वॅटचा, म्हणजे पायला पुरून उरेल असा. आज्ञेचे उत्तर '०एक्स५००००' आले.

आबोली
मग कारण सापडले. त्या आकड्याचा अर्थ असा की मशीन सुरू झाल्यापासून केव्हातरी व्होल्टेज खाली गेले आणि त्यामुळे प्रोसेसरचा वेगही कमी केला गेला. तुमचा चार्जर ३३ वॅट देतो तो फोनने वाटाघाट करून जास्त व्होल्टेज मागितल्यावर. पाय ४ तसे मागत नाही, त्याला ५ व्होल्टच मिळतात, आणि त्या व्होल्टेजला चार्जर किती अँपिअर देतो ते त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेले असते. पाय ४ चा अधिकृत ॲडॉप्टर ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देऊ शकतात. आता तुमच्या डिस्कच्या लेबलवरचा आकडा वाचा.

वाळवंटीकाठ
दोन्हींवर '५ व्होल्ट, १ अँपिअर' असे आहे. रात्री कान लावून ऐकले, तेव्हा आर-सिंक सुरू झाल्यावर जुन्या डिस्कमधून 'टक्' असा आवाज आला, फिरण्याचा आवाज मंदावत पूर्ण थांबला आणि मग ती पहिल्यापासून फिरू लागली. डिस्क मरायला टेकली आहे असेच मला वाटत होते.

डिचोलीचा तिठा
हा आवाज वीज तुटल्याचाच आहे. मी माझा यूएएसचा आग्रह सोडतो. फक्त अधिकृत ॲडॉप्टर घेऊन भागणार नाही, कारण १.२ अँपिअरची मर्यादा बोर्डाची आहे. स्वतःचा ॲडॉप्टर असलेला यूएसबी हब घ्या आणि दोन्ही डिस्क त्यावर लावा.

मांद्रेकर
इन्व्हर्टरचेही पाहा. वीज गेल्यावर तो चालू होईपर्यंत क्षणभर खंड पडतो. त्यावर यूपीएस मोडचे बटण असल्यास ते सुरू करा. मशीन जमिनीवर ठेवू नका, ओल चढते.

वाळवंटीकाठ
सर्वांना कळवतो. म्हापशाहून हब आणि ३ अँपिअरचा ॲडॉप्टर आणला. मशीन बंद करून दोन्ही डिस्क हबवर लावल्या, जुनी डिस्क मुद्दाम 'रीड-ओन्ली' माउंट केली आणि आर-सिंक पुन्हा सुरू केले. ते पहाटेपर्यंत चालले, पण एकदाही थांबले नाही. डीमेसेजमध्ये व्होल्टेजची एकही ओळ नाही आणि गेट थ्रॉटल्डचे उत्तर '०एक्स०' आहे. दोन्ही डिस्कवरील फाइलींचे शा-२५६ चेकसम जुळले. त्यानंतरच जुनी डिस्क अनमाउंट करून एफएसचेक चालवले, तेव्हा किरकोळ दुरुस्त्या झाल्या. स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत) रीअलोकेटेड आणि पेंडिंग, म्हणजे खराब म्हणून बदललेले आणि संशयित, सेक्टर दोन्ही शून्य आहेत.

आबोली
फार बरे वाटले. चेकसम जुळले म्हणजे दोन्ही प्रती सारख्या आहेत, एवढेच. मूळ फाइल आधीच बिघडलेली असेल तर तीच बिघडलेली प्रत झाली असेल. म्हणून प्रत्येक चित्रफीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा पाहून घ्या. आणि दोन्ही डिस्क एकाच हबवर, एकाच घरात ठेवू नका. आपल्याकडे मेघगर्जनेच्या एका संध्याकाळी दोन्ही जाऊ शकतात.

वाळवंटीकाठ
आजपासून रोज रात्री एक नाटक पाहतो आहे. पहिले पूर्ण पाहिले, कुठेही तुटलेले नाही. तिसऱ्या अंकात पेटीवर बसलेले आजोबा स्पष्ट दिसतात. सगळी पाहून झाली की दुसरी डिस्क फोंड्याला बहिणीकडे नेऊन ठेवीन.