डिस्क गोल्फच्या मराठी पत्रकात ‘होल’ ठेवू की ‘टोपली’ लिहू?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या मराठी शाळेतल्या मुलांना कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या डेलाव्हेगा पार्कात डिस्क गोल्फ खेळायला नेतोय, म्हणजे गोल्फसारखाच, पण चेंडूऐवजी फ्रिस्बीसारखी डिस्क साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ. आई-वडील असतील, भारतातून आलेले चार-पाच आजी-आजोबाही असतील. सगळ्यांना वाचता येईल असं एक पानी मराठी पत्रक लिहायचं मी कबूल केलं आणि दुसऱ्याच ओळीला अडलो.

झालं असं, की गेल्या रविवारी आईला तिथे घेऊन गेलो होतो. ती सांगलीहून आलीय. म्हटलं, “आई, हा पहिला होल.” ती सरळ बास्केटपाशी गेली, चपलेने खालचं गवत चाचपलं, वाकून बघितलं, मग साखळ्यांमधून हात फिरवला. त्या छन्न वाजल्या. म्हणाली, “अरे, भोक कुठाय? ही तर टोपली आहे.”

तिचं शंभर टक्के बरोबर होतं. मी दहा वर्षं टोपलीला भोक म्हणत आलोय.

दुसरा प्रसंग यापेक्षा गंभीर. ऑफिसातला एक सहकारी जुना गोल्फर. त्याच्या हातात डिस्क देऊन मी सांगितलं, “हिला फेड खूप आहे.” गोल्फमध्ये उजव्या हाताने खेळणाऱ्याचा ‘फेड’ नावाचा फटका उजवीकडे वळतो. म्हणून त्याने विचार करून डावीकडे नेम धरला. डिस्क गोल्फमध्ये उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वेग कमी झाला की डावीकडे वळते, त्यालाच फेड म्हणतात! डिस्क आणखी डावीकडे, थेट पॉइझन ओकच्या, म्हणजे खाज आणणाऱ्या झुडपात. म्हणजे शब्द तोच आणि दिशा उलटी. ज्याला गोल्फ येतं तोच फसला. मग उसन्या शब्दांचा फायदा नेमका कुणाला?

माझं मत असं: मोजायचे शब्द, म्हणजे पार (ठरलेला आकडा), बर्डी (त्याहून एक कमी), बोगी (एक जास्त), खुशाल गोल्फचे राहू द्या. पण जी वस्तू समोर नाहीच तिचं नाव कशाला घ्यायचं? तुम्हाला काय वाटतं?

रानवाट
कृष्णाकाठ, टोपली चालेल, पण जरा जपून. गोल्फचे शब्द या खेळावर कुणी बाहेरून लादलेले नाहीत. एड हेड्रिक व्हॅम-ओ कंपनीत फ्रिस्बीवर काम करायचे. त्यांनी १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कात पहिला कायमचा कोर्स आखला, तेव्हा तिथे टोपल्या नव्हत्याच, नुसते खांब होते. साखळ्यांची टोपली त्यानंतर आली. फ्रिस्बी हा व्हॅम-ओचा ट्रेडमार्क, म्हणून खेळाला नाव मिळालं डिस्क गोल्फ. आणि त्याच्याही खूप आधी, १९२६ च्या सुमारास, कॅनडात सस्कॅचवनमधल्या ब्लॅडवर्थ गावची शाळकरी पोरं डब्यांची झाकणं फेकून खेळायची आणि त्याला ‘टिन लिड गोल्फ’ म्हणायची. पोरांना स्वतःहून गोल्फच आठवलं!

पार्क खात्याकडे जागा मागायला गेलं की “गोल्फच, पण चेंडूऐवजी डिस्क” एवढं एक वाक्य पुरतं. ही सोय सोडू नका.

यष्टीरक्षक
मी डिस्क गोल्फ दोनदाच खेळलोय, त्यामुळे शब्दांपुरतंच बोलतो. क्रिकेटमध्ये आपण हे सगळं करून बसलोय. षटक, धाव, झेल हे शब्द पेपरात आणि रेडिओवर रुळले. मैदानात ‘बोल्ड’ आणि ‘आऊट’च ओरडतात, पण ‘पायचीत’ बघा काय शब्द आहे! ते एलबीडब्ल्यूचं भाषांतर नाहीच. ‘चीत’ कुस्तीच्या आखाड्यातून उचललाय. म्हणजे उसनं घ्यायला हरकत नाही, पण आपल्या घरातून घ्या.

म्हणून माझी सूचना: डिस्कला ‘तबकडी’ म्हणा. आपण उडती तबकडी लहानपणापासून ऐकतोय, आणि फ्रिस्बी हे नाव मिळण्याआधी व्हॅम-ओने १९५७ मध्ये ती ‘प्लूटो प्लॅटर’ म्हणून विकायला काढली होती, तीही उडत्या तबकड्यांच्या लाटेवरच. आजोबांना एका शब्दात कळेल.

तांपेरेकर
फिनलंडमधून लिहितेय. इथे हा खेळ गल्लोगल्ली आहे. इथले लोक खेळाला ‘फ्रिस्बीगोल्फ’ म्हणतात, म्हणजे गोल्फ ठेवलंच. पण पहिला होल, दुसरा होल असं न म्हणता ‘व्हॅयलॅ’ म्हणतात, म्हणजे मार्ग, जलमार्गालाही तोच शब्द. बास्केटला ‘कोरी’, टोपलीच. माझी सात वर्षांची मुलगी घरी मराठीत सांगते, “आई, तिसऱ्या वाटेवर माझी एका फेकीत टोपली झाली!” तिला कुणी शिकवलं नव्हतं.

कृष्णाकाठ
तांपेरेकर, ‘वाट’ उचलला! तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा. पहिली वाट, दुसरी वाट, आणि शेवटची सत्ताविसावी, जिथून समुद्र दिसतो आणि जिला सगळे ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ म्हणतात.

रानवाट, खेळाचं नाव बदलणार नाही, शब्द देतो. पण ‘पार’चंही मला आता नीट पटत नाहीये. गोल्फचा पार भोकाजवळचे दोन हलके फटके, म्हणजे दोन ‘पट’, गृहीत धरतो. डिस्क गोल्फमध्ये पाच मीटरवरून दोन फेकी कोण घेतं? म्हणून तर २०१८ मध्ये पॉल मॅकबेथ या डिस्क गोल्फपटूने मिशिगनमध्ये अठरा वाटांत उणे १८, म्हणजे पारपेक्षा १८ कमी केले. गोल्फमध्ये असा आकडा ऐकलाय? तरी पार ठेवतो, कारण मुलांना बर्डी ओरडायला फार आवडतं.

‘लाय’ मात्र काढलाच. गोल्फमध्ये चेंडू जिथे पडून असतो ती लाय. इथे पडलेल्या तबकडीमागे २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब एवढ्या जागेत पाय टेकवून आपण फेकतो. माणूस उभा राहतो तिथे. मी ‘ठिय्या’ लिहिलंय. ड्रायव्हर, मिडरेंज, पटर या तबकड्यांना लांबची, मधली, जवळची. फेड नाही, “शेवटी डावीकडे वळते” असं सरळ वाक्य. हायझर, म्हणजे तबकडीची बाहेरची कड खाली कलवून टाकणं, तसाच राहील, तो गोल्फचा नाहीच, या खेळाचा स्वतःचा आहे.

एकच अडलंय: मँडो. ठरावीक झाडाच्या ठरलेल्या बाजूनेच तबकडी गेली पाहिजे, हे थोडक्यात कसं लिहू? ‘बंधनकारक वृक्ष’ लिहिलं तर आईसुद्धा हसेल.

रानवाट
माझी आजी मारुतीच्या देवळावरून जाताना म्हणायची, “देवाला उजवी घालून जा.” झाड उजव्या हाताला ठेवायचं असेल तर “या झाडाला उजवी घालून टाका,” नाहीतर “डावी घालून.” आजी-आजोबांनाच मुलांना समजावू द्या.

कृष्णाकाठ
आत्ताच आईला वाचून दाखवलं. तिने पेन मागून घेतलं आणि पत्रकावर ते वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहिलंय. तसंच छापतोय.